कागदावरची एकोणिसावी ओळ

माझ्या मुलीने ओढणी माठात बुडवली, नाकातोंडाला गुंडाळली आणि ती शेडच्या धुरात शिरली. फोरमन नाना तिच्यामागे "ए पोरी, अगं ए!" करत दहा पावलं धावले आणि खोकत खोकत परत आले. मी निंबाच्या झाडाखाली उभी होते. जाताना तिने हातातला कागद माझ्या हातात कोंबला होता, तो तसाच धरून.

तिला आत मी पाठवलं. ढकललं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी फक्त एक आकडा बोलले. तो बोलले नसते तर ती गेली नसती.

तुमच्या सदरात लोक पांढरी साडी, पिंपळ, पैंजणांचे आवाज असलं लिहितात. ते वाचते मी, पण पटत काही नाही. नवरा गेला तेव्हा सासूने गावातल्या भगताला बोलावलं होतं, घराला काही लागलंय म्हणून. मी त्याला उंबऱ्यावरून परत पाठवला. नवऱ्याला कावीळ झाली होती आणि आम्ही उशिरा नेलं, एवढंच लागलं होतं. अशी मी बाई आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे मी स्वतःच्या हाताने लिहितेय, तेव्हा जे झालं तेवढंच लिहीन. तुम्हाला काही समजलं तर मला कळवा. मला आजवर समजलेलं नाही.

ही नव्वद सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. निर्मला सहा वर्षांची असताना मी तिला घेऊन जळगावला आले. मेहरूणला एक खोली घेतली. आधी दाळमिलमध्ये दाळ निवडायला जायचे, मग एमआयडीसीत एका पाइपांच्या कारखान्यात लागले. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तो आता बंदही झालाय. माझं काम झाडलोट, पाणी भरणं आणि प्रत्येक पाळीला चहा.

निर्मला शिकली. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि याच कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागली. ती ऑफिसच्या दाराने यायची, मी मागच्या. कोणीतरी तिला सांगितलं, ऑफिसात आईला मावशी म्हणत जा, सगळे म्हणतात तसं, बरं दिसतं. ती साहेबांसमोरच मोठ्याने ओरडली, "माय, दोन चहा दे व!" त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे तुम्हाला कळावं म्हणून मी बरंचसं बदलून लिहितेय.

आता हजेरीचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

पाळी सुरू होताना माणसं गेटमधून आत यायची. गेटवर एक क्लार्क बसायचा, त्याच्यापुढे एक टीव्हीसारखं यंत्र. माणसाने आपला नंबर सांगायचा, क्लार्कने तो टाकायचा. मशीन आपोआप नाव आणि वेळ लावून घ्यायचं. मग सव्वातीनला निर्मला आपल्या खोलीतून त्या पाळीची यादी काढायची. सुरुवातीला ती यादी नुसती स्क्रीनवर यायची — पाहिली की गेली, हाताला काही नाही. मग साहेब म्हणाले, फाइलीत घे. फाइलीत घेतली तर स्क्रीनवर काहीच दिसेना. एकदा तिने न बघता भलत्याच पाळीची यादी छापून दिली आणि बोलणी खाल्ली. दोन दिवस पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिसऱ्या दिवशी मी झाडत होते, तर म्हणाली, "माय, इकडे ये. सापडलं."

तिच्या टेबलावर कागद उडू नये म्हणून आमच्याच कारखान्याचा एक टी ठेवलेला असायचा — पाइपाला फाटा फोडायचा तो तीन तोंडांचा तुकडा. तो उचलून मला म्हणाली, "यात इकडून पाणी सोडलं तर कुठे जाईल?"

"दोन्हीकडे."

"तसंच आहे हे. कमांडला नावच टी आहे. नावं एकीकडून येतात. स्क्रीनवर पण जातात, फाइलीत पण जातात. बघायचं पण आणि ठेवायचं पण, एकाच वेळी."

"म्हणजे अर्धी इकडे, अर्धी तिकडे?"

"नाही ना! सगळीच्या सगळी दोन्हीकडे."

"मग पाण्यापेक्षा बरं," मी म्हटलं. "पाणी तर वाटलं जातं."

ती हसली. म्हणाली, तू शिकली असती तर माझी नोकरी गेली असती.

तेव्हापासून माझीही सोय झाली. मला इंग्रजी येत नाही, पण ओळी मोजता येतात. एका माणसाची एक ओळ. सव्वातीनला मी तिच्या मागे जाऊन उभी राहायचे, काचेवर बोट ठेवून ओळी मोजायचे आणि तितके कप चहा टाकायचे. ती दर वेळी ओरडायची, "काचवर बोट लावू नको व, डाग पडतस!" मी दर वेळी लावायचे. माझा चहा कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. हे सगळ्या कारखान्याला माहीत झालं होतं. नाना फोरमन तर स्वतः माणसं मोजायचेच नाहीत. मला विचारायचे, "अक्का, आज किती चहा?" मी आकडा सांगितला की त्यांच्या वहीत तो आकडा. पोरं चिडवायची, "मावशी, तुमची निमी टीव्हीवर रोज आमचीच नावं दाखवते, पिक्चर कधी लावणार?"

या फाइलीची एक गोष्ट लक्षात ठेवा. ती एकच होती. रोजच्या यादीने कालची पुसली जायची. कमांडीत एक अक्षर जास्त घातलं की जुन्याखाली नवं जोडलं जातं, पण निर्मला ते घालायची नाही. मशीनमध्ये जागा कमी, आणि छापलेला कागद तर होताच. म्हणून रोज जुनं साफ, नवं चालू.

त्या दिवसाच्या आठ दिवस आधी हमीद नावाच्या कामगाराला काढलं. शेख हमीद, कायम सकाळच्या पाळीचा. बायकोच्या बाळंतपणात न सांगता पंधरा दिवस घरी राहिला होता. ऑफिसातून चिठ्ठी आली आणि निर्मलाने त्याचा नंबर मशीनमधून काढला. असा काढलेला नंबर गेटवर टाकला तर मशीन घेतच नाही, असा नंबर नाही म्हणून परत करतं. त्या रात्री ती नीट जेवली नाही. भाकरी हातात तशीच. म्हणाली, "माय, एक बटन दाबं आनि माणूस गया."

मी म्हटलं, "तू नही काढं, सायेबनी काढं. जेव."

आता तो दिवस. वैशाख. जळगावचा वैशाख ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. शेडचे पत्रे तापून वाजत होते. तीनचा भोंगा झाला, दुसरी पाळी आत गेली. सव्वातीनला मी तिच्या खोलीत गेले. तिने कमांड दिली, नावं आली. मी बोट लावून मोजली. अठरा. ती म्हणाली, "अठरा ना? मलाही अठरा." त्यात दोघं बदली कामगार होते, पहिल्यांदाच आलेले, त्यांची नावं तिने मला वाचून दाखवली. यादीचा वरचा भाग सरकून दिसेनासा झाला असं म्हणाल, तर तसंही नव्हतं. एवढी यादी एका काचेत मावायची आणि खाली जागा उरायची.

मग तिने फाइल छापायला लावली. ते यंत्र किरकिर करत सावकाश छापायचं. मी चहाला गेले. अठरा कप, शिवाय नानांचा आणि आम्हा दोघींचा, ते मी वेगळे धरायचे.

पाणी उकळायच्या आत आरडाओरडा झाला. शेडच्या मधोमध वायर जळून पावडरच्या गोण्यांनी पेट घेतला होता. पाइपाची पावडर जळते तेव्हा ज्वाळा फार नसतात, धूर असतो. पिवळट काळा. घशात मिरची कोंबल्यासारखा. माणूस चार श्वासांत खाली बसतो.

नियम असा होता की सगळ्यांनी गेटजवळच्या निंबाखाली जमायचं आणि ऑपरेटरने यादी घेऊन यायचं. निर्मला छापलेला कागद फाडून घेऊन धावत आली. नाना माणसांवर बोट फिरवत होते. त्यांनी तिच्या कागदाकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "अक्का, आज चहा किती होता?"

"अठरा."

"अठराच भरले," नाना म्हणाले, आणि टोपी काढून घाम पुसला. "बठ्ठा उनात, सगळे आले. देवाने राखलं रे बाबा."

पोरं खोकत होती, थुंकत होती, एकमेकांच्या काळ्या तोंडाला हसत होती. कोणीतरी मला म्हणालं, मावशी, आता चहा द्याच. बंबाला फोन गेला होता. सगळं आटोपल्यासारखं झालं होतं.

मी निर्मलाच्या शेजारी उभी होते. तिच्या हातात तो कागद. मी ओळी मोजल्या. कशाला मोजल्या? सवय. ओळी दिसल्या की मोजायच्या. एकोणीस झाल्या. वाटलं, एक ओळ दोनदा धरली. परत मोजल्या, प्रत्येक ओळीवर नख ठेवून. एकोणीस.

मी म्हटलं, "निमे, कागदवर एकोणीस शेतस."

कागदावर एकोणीस आहेत, एवढंच मी बोलले.

ती म्हणाली, "काहीतरीच," आणि कागद वाचायला लागली. शेवटच्या ओळीवर थांबली. मग नानांकडे गेली.

"नाना, यात शेख हमीद आहे."

"कोण, तो? त्याला काढलाय ना."

"मीच काढलाय."

गेटवरचा क्लार्क तिथेच होता. तो बिचारा घाबरला. "मी नाही टाकला हं! आणि टाकता येतो का तो? मशीन घेणारच नाही."

"नाही घेत. मला माहीत आहे." ती कागदाकडेच बघत होती. "पुढे वेळ आलीय. तीन वाजून चार मिनिटं."

एक पोरगा म्हणाला, "भूत आलं असेल हजेरी लावायला." दोघं-तिघं हसले.

निर्मला हसली नाही. मला म्हणाली, "माय, स्क्रीनवर अठराच होते ना?"

"अठराच."

"जुनं काहीतरी राहिलं असेल," नाना म्हणाले. "मशीनच आहे ते, चुकतं."

"जुनं राहिलं तर सकाळची वेळ येईल ना, नाना. हा दुपारी तीनला कामावर आलाय कधी? एक दिवस तरी?" मग तिने सगळ्यांना विचारलं, "मागच्या गोण्यांकडे कोणी पाहिलं का येताना?"

कोणी पाहिलं नव्हतं. तिकडे कोणाचं कामच नव्हतं.

"बंब येतोय, पाच मिनिटं थांब," नाना म्हणाले. "ते लोक बघतील. अगं, नसलेल्या माणसासाठी का आत जायचं?"

"नसला तर परत येईन," ती म्हणाली.

आणि माठाकडे गेली.

मी तिला "तू जाऊ नको व" असं म्हटलं. की मनातच म्हटलं... हे मला आता सांगता येत नाही. तोंड उघडलं होतं एवढं आठवतं. अठरा पुरुष उभे होते तिथे. त्यांना मी दोष देत नाही, ते नुकतेच त्या धुरातून आले होते, त्यांना माहीत होतं आत काय आहे. तिला माहीत नव्हतं.

बंब आला तोवर ती बाहेर आली नव्हती. बंबवाले मागून गेले. शेडच्या मागच्या भिंतीला एक छोटं दार होतं, कचरा टाकायचं, आतून अडसर लावलेलं. तो अडसर काढलेला होता. हमीद दारात आडवा पडला होता, कमरेपर्यंत बाहेर, पाय आत. निर्मला त्याच्या मागे, आत. दोन्ही हात त्याच्या पाठीला लावलेले. ओढून ढकलून तिने त्याला तिथवर आणला आणि बाहेर सारला, आणि तिथे तिचं संपलं.

दोघांना एकाच गाडीतून नेलं.

ती सरकारी दवाखान्यात दोन दिवस होती. आवाज पार बसला होता, शेंगा फोडल्यासारखा यायचा. डॉक्टर म्हणाले, बोलू देऊ नका. मी म्हटलं, बोलू नको. ती ऐकणारी होती का?

पहिली गोष्ट विचारली, "हमीद?"

"शे, जित्ता शे. त्या खोलीत."

डोळे मिटून थोडा वेळ पडली. मग म्हणाली, "माय, तू खरंच अठरा मोजले?"

"बोट लाईसन मोजात."

"मी पण अठरा पाह्यनात." श्वास घेतला. "असं होत नही व. एकच ते शे. दोन्हीकडे एकच जातं." हे ती तीन-चार वेळा म्हणाली. तिला दुखत किती होतं ते तिने मला सांगितलं नाही, पण हे सांगत राहिली. मला राग येत होता. म्हटलं, मरो तुझा तो टी, पाणी पी.

संध्याकाळी म्हणाली, "ऑफिसात निरोप दे. उद्या कोणी हजेरी काढू नका म्हणावं. फाइल तशीच ठेवा. मला बघायचीय."

मी हो म्हटलं आणि निरोप दिला नाही. मला त्या फाइलीशी काय करायचं होतं? माझं लेकरू समोर पडलं होतं. ऑफिसचा माणूस विचारपूस करायला आला, तेव्हाही नाही सांगितलं. आठवलं होतं. तरी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेडचा चांगला राहिलेला भाग चालू केला. हजेरी क्लार्कने काढली. निर्मलाच्याच अक्षरातली चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली होती, त्यात पाहून त्याने कमांड टाकली, जशीच्या तशी. नवी यादी आली आणि जुनी पुसली गेली. त्याचा काही दोष नाही. रोज तसंच करायचे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निर्मला गेली. चोवीस वर्षांची होती.

पुढे चौकशी झाली. मशीन बसवणाऱ्या लोकांचा एक इंजिनिअर पुण्याहून आला. चांगला माणूस होता, मला खुर्ची दिली. कागद पुष्कळ वेळ बघत बसला. म्हणाला, "मावशी, जुन्या फाइलीचा एखादा तुकडा डिस्कवर राहून जातो कधी कधी."

मी म्हटलं, "त्यावर वेळ कोणती आहे?"

"तीन वाजून चार."

"हमीद सकाळच्या पाळीला होता. सहा वर्षं."

त्याने जुन्या कागदांचे गठ्ठे मागवले. सगळे बघितले. हमीदच्या नावापुढे एकदाही दुपार नव्हती. मग त्याने क्लार्ककडून तो नंबर गेटवर टाकवून पाहिला, माझ्या समोर. मशीनने घेतला नाही. पाच-सहा वेळा टाकला. नाहीच. मग मला म्हणाला, "स्क्रीनवर तुमचीच मोजायची चूक झाली नसेल कशावरून?"

मी म्हटलं, "चहा अठरा कप टाकला होता. चार वर्षांत माझा एक कप चुकला असेल तर नानांना विचारा."

नाना शेजारीच होते. ते नुसते मान हलवत राहिले. इंजिनिअरने चष्मा काढला, पुसला. शेवटी म्हणाला, "फाइल असती तर काही सांगता आलं असतं. नुसत्या कागदावरून काही सांगता येत नाही."

म्हणजे जे एक हाताला लागलं असतं तेही माझ्यामुळेच गेलं. तिने शेवटचं मागितलेलं.

कागद चौकशीवाल्यांनी नेला. मला त्याची झेरॉक्स दिली.

महिन्याभराने हमीद आला, मेहरूणला, आमच्या खोलीवर. बरोबर बायको, तिच्या कडेवर ते तान्हं. दारातच बसले दोघं, आत येईनात. मी पाणी दिलं. त्याचाही आवाज तसाच झाला होता, फाटलेला. मला तो आवाज ऐकवेना, कारण दोन दिवस मी तसाच ऐकला होता. त्याला म्हटलं, "काय सांगायचं ते सांग आणि जा."

तो म्हणाला, "मावशी, नानाच्या पाया पडायला आलतो. परत घ्या म्हणून. गेटवरून येऊ देत नव्हते. भोंगा झाल्यावर कंपाउंडच्या मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि बाजूने शेडमध्ये शिरलो. वाटलं, चहाच्या वेळेला नाना एकटे सापडतील. गोण्यांच्या मागं बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं, सावलीत डोळा लागला. उठलो तर सगळा धूर."

"किती वाजता उडी मारली?"

"भोंगा झाला, पोरं आत गेली, मग. चार-पाच मिनिटं झाली असतील."

"कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही. हिला पण नाही." बायकोने मान हलवली. "दाराचा अडसर पण मला दिसला नाही, मावशी. हाका मारायला गेलो, तर तोंडातून आवाजच निघाला नाही. एकदा पण नाही."

मग तो रडायला लागला. समजूत घालणं मला जमत नाही, आणि त्याची समजूत मी का घालावी? मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात एकच, की ती ओळ आली नसती तर हा इथे नसता आणि ती इथे असती. कोणत्या आईच्या मनात हे येणार नाही? आलं ते लिहिलं.

तो उठला तेव्हा बायकोने पोर माझ्या पायाशी ठेवलं. मी ते उचललं. जड होतं, चांगलं पोसलेलं. परत तिच्या हातात दिलं.

नंतर पुष्कळांनी मला पुष्कळ काही सांगितलं. कोणी म्हणालं, देवाने लिहिलं. मग देवाने ते स्क्रीनवर का नाही लिहिलं? सव्वातीनला, आग लागायच्या आधी? निमीने तेव्हाच पाहिलं असतं, नानांना सांगितलं असतं, पोरांनी त्याला हाताला धरून बाहेर काढला असता, सगळे हसले असते. एवढं लिहिता येतं तर तेव्हाच लिही ना. कोणी म्हणालं, पोरीचीच वेळ आली होती, ते निमित्त. असं म्हणणाऱ्या बाईकडे मी परत गेले नाही. भाचा कॉम्प्युटरमध्येच आहे, त्यालाही विचारलं. तो म्हणतो, मामी, टी जे स्क्रीनला देतो तेच फाइलीला देतो, फरक पडूच शकत नाही. हे मला निमीने केव्हाच सांगितलं होतं.

मी स्वतःला विचारलंय, परत तसा कागद समोर आला तर आकडा बोलशील का? रागात असले की नाही म्हणते. पण मला माहीत आहे, मी बोलेन. दिसल्यावर मोजणार, आणि मोजल्यावर जेवढे आहेत तेवढे सांगणार. अठरा असताना एकोणीस मी कधी म्हटलं नाही, आणि एकोणीस असताना अठरा म्हणणंही मला जमणार नाही. ती माझीच होती. तिलाही जमलं नाही.

ती ओळ कोणी लिहिली, मला माहीत नाही. क्लार्कने नाही, निमीने नाही, हमीदने नाही. मशीन ती घेत नव्हतं. तरी ती कागदावर होती. वयाची पंचाहत्तरी झाली, अजून कोणी मला सांगू शकलेलं नाही, आणि आता सांगेल असं वाटत नाही.

पाळीवरची अठराही माणसं वाचली. हमीद वाचला. मी वाचले.